मुठा उजव्या कालव्याच्या कडेने सायकल आणि घोड्यांसाठी वाट: कशी आखावी?

कालवाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा धायरी, वडगाव, हिंगणे करत पर्वतीच्या पायथ्याशी येतो, स्वारगेटजवळून पुढे एम्प्रेस गार्डनच्या कडेने हडपसरला आणि तिथून फुरसुंगी, लोणीकडे जातो. धरण १८७० च्या दशकातलं, कालवाही त्याच काळातला. आता खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी न्यायची योजना राज्य सरकारने मंजूर केली आहे. बोगदा झाला की शहराच्या पोटातून जाणारी ही लांबच लांब सरकारी पट्टी मोकळी होईल. त्या जागेवर मोटारींचा रस्ता करा अशी मागणी तर आधीपासूनच आहे.

माझं म्हणणं असं, की रस्ता आखला जाण्याआधी आपण दुसरं काहीतरी मांडलं पाहिजे. सलग, मातीची, झाडांची वाट. सायकलवाल्यांसाठी, चालणाऱ्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठीही.

कालव्याचा मोठा गुण म्हणजे त्याची पातळी. पाणी आपसूक वाहावं म्हणून तो डोंगराच्या कडेकडेने, नगण्य उताराने नेलेला असतो. त्यामुळे कडेच्या सेवा रस्त्यावर चढ जवळजवळ नाहीच. आठवीतली मुलगी आणि सत्तरीचे आजोबा दोघांनाही धापा न टाकता सायकल चालवता येईल अशी सलग जागा पुण्यात दुसरी दाखवा. वेताळ टेकडी, तळजई मला प्रिय आहेत, पण तिथे चाकांनी पाऊलवाटा खोल होतात, पावसात त्यांचे ओहोळ बनतात. तिकडचा भार कमी व्हायला हवा.

डाव्या कालव्याचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. एरंडवण्यातला कॅनॉल रस्ता ही त्याची उरलेली खूण. उजव्याचं तसं होऊ नये म्हणून एक मसुदा लिहायला घेतलाय, जलसंपदा आणि महापालिका दोघांना द्यायचा आहे. घोड्यांचा मुद्दा एका मैत्रिणीने सुचवला. त्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून हा धागा. एकच वाट सगळ्यांनी वापरावी की वेगळी हवी?

---

रिकीब

कोणीतरी घोड्यांचं नाव काढलं, बरं वाटलं. मी रोज सकाळी घोड्यावर असते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

घोडा हा पळणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणचं: कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं. सायकल नेमकी शेपटीमागून येते, तीही आवाज न करता. घोड्याच्या लेखी दबा धरून येणारं जनावरच ते. बुजला की तो आधी उडी मारतो आणि मग बघतो काय होतं ते. स्वार पडतो, क्वचित लाथ बसते, आणि दोष सायकलवाल्याचाही नसतो, घोड्याचाही नसतो. वाट आखणाऱ्याचा असतो.

म्हणून वाट आखताना रुंदीच्या आधी नजर किती लांब पोचते ते बघा. आंधळं वळण नको. वळणावर झुडपं दाट असतील तर छाटा, नाहीतर वाट थोडी बाहेरून न्या. दोघांनी एकमेकांना लांबून पाहिलं की अर्धं काम झालं.

दुसरं, पृष्ठभाग. नाल मारलेला घोडा पेव्हर ब्लॉकवर आणि गुळगुळीत काँक्रीटवर घसरतो, ओल्यावर तर फारच. डांबरावर रोज दुडकी चालवली की गुडघे आणि सांधे जातात. घट्ट बसलेला मुरूम त्याला सगळ्यात चांगला.

तिसरं, डोक्यावरची जागा. स्वार बसल्यावर फांद्या, तारा, कमानी वर साडेतीन मीटर तरी मोकळं लागतं. कालव्यावरचे जुने रस्ते-पूल बरेच खाली आहेत. तिथे उतरून घोडा हातात धरून न्यावा लागेल, हरकत नाही. पण पलीकडे परत चढायला एक दगडी ओटा बांधा. उंच घोड्यावर जमिनीवरून चढणं सगळ्यांना जमत नाही.

---

साधामाणूस

सायकलचं पटतं. पण घोडे? किती लोकांकडे आहेत? हौशी श्रीमंतांच्या छंदासाठी सार्वजनिक जमीन आणि करदात्यांचा पैसा का?

---

रिकीब

प्रश्न रास्त आहे. पण घोडा म्हणजे फक्त क्लब हे खरं नाही. खेड, आंबेगाव, मावळात बैलगाडा शर्यतीत बारीपुढे घोडी पळते आणि तिच्यावर गावातलाच पोरगा असतो. वरातीला घोडा देणारी कुटुंबं शहराच्या कडेच्या वस्त्यांत राहतात आणि जनावराला हालचाल मिळावी म्हणून पहाटे भर रस्त्यात, डंपरच्या बाजूने त्याला फिरवतात. माउलींच्या पालखीचे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि पालखी हडपसरवरूनच दिवे घाटाकडे जाते. रेसकोर्स तर कालव्याला लागूनच आहे, तिथले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घोड्यासोबत असतात.

वाट सार्वजनिक झाली तर तिचा सगळ्यात जास्त फायदा ज्याच्याकडे स्वतःचं मैदान नाही त्याला होईल. मैदानवाल्याला ती नसली तरी चालते.

---

मातीवाला

मी स्थापत्य अभियंता, नोकरीभर मातीच्या कामांवर होतो. दोन गोष्टी.

एक म्हणजे भराव. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटला आणि जनता वसाहतीत, सिंहगड रस्त्यावर पाणी शिरलं. भरावातली बिळं, केबलसाठी केलेलं खोदकाम, अशी कारणं तेव्हा पुढे आली. म्हणजे बोगदा पूर्ण होऊन पाणी बंद होईपर्यंत भरावाला हात लावायचा नाही. खांब पुरायला खड्डे नकोत, मोठी झाडं नकोत, दिव्यांच्या केबल नकोत. त्या काळात वाट हवीच असेल तर आहे त्या सेवा रस्त्यावर, फक्त वरचा थर नीट करून.

दुसरं, पृष्ठभागाचं. रिकीबताईंचं बरोबर आहे, पण नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात राडा होतो. खाली काळी माती असेल तर आणखीच, ती फुगते आणि चाक रुतून बसतं. त्यासाठी काळी माती काढून सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर, आणि सगळ्यात वर दगडाच्या भुकटीचा पातळ थर. वाटेला कालव्याच्या विरुद्ध बाजूला हलका ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि भरावातही मुरत नाही. ठराविक अंतरावर आडवे उथळ चर द्यायचे, सायकल न उतरता पार होईल इतके पसरट.

सायकलचं हायब्रिड टायर यावर छान चालतं. रेसिंगचं बारीक टायर नाही चालणार. तेही बरंच आहे, कारण ताशी ३५ ने जाणाऱ्यांनी या वाटेवर येऊच नये.

काँक्रीट केलं तर ठेकेदार खूश, देखभाल कमी, म्हणून कार्यालयातून तेच सुचवलं जाईल. पुण्यात बीआरटीसोबत (बसच्या वेगळ्या मार्गिकांसोबत) सातारा रस्त्यावर, सोलापूर रस्त्यावर पेव्हर ब्लॉकचे सायकल ट्रॅक झाले. मधे झाड, मधे विजेची डीपी, मधे बसथांबा, चौकात ट्रॅक संपलेला. डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, तोही बहुतांशी कागदावर. ते ट्रॅक सायकल चालवणाऱ्याला विचारून आखले असते तर असे झाले नसते. तुमच्या मसुद्यात हे पृष्ठभागाचं कलम पहिलं घाला.

---

डोंगरवाट

मातीवाला काकांना अनुमोदन. प्रत्येक शब्दाला.

---

दरीकाठची

माझं माहेर नेरळ, त्यामुळे माथेरानचं लहानपणापासून बघत आलेय. तिथे २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र झालं, मोटारींना बंदी तर त्याच्याही आधीपासूनची. गावातली वाहतूक तेव्हा घोड्यावर, हातरिक्षावर आणि पायीच असायची. लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले तेव्हा घोडेवाल्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की उतारावर जनावर घसरतंय. दुसऱ्या बाजूचंही खरं होतं: उघडी माती पावसात वाहून जाते, धूळ उडते, हातरिक्षा ओढणाऱ्याचे हाल व्हायचे. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

त्यातून मी घेतलेला धडा असा, की घोडेवाला आणि चाकवाला यांच्यात आधी बोलणं व्हावं लागतं. काम सुरू झाल्यावर बोलायला बसलं की दोघेही एकमेकांना शत्रू समजतात.

---

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो, आठवडाअखेर सायकल चालवतो. इथे हा प्रश्न जुना असल्याने काही उपयोगाचं सांगता येईल.

इथे ब्रायडलवे म्हणून हक्काच्या वाटा असतात, पूर्वी फक्त पायी आणि घोड्यावरून जाणाऱ्यांच्या. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने त्यांवर सायकलला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. ही अट कायद्यातच आहे. त्यामुळे समोर घोडा दिसला की कोण थांबणार यावर चर्चा होत नाही. साउथ डाउन्स वे ही १६० किलोमीटरची वाट तिघेही वापरतात. मी तिच्यावर खूप फिरलोय, भांडण क्वचितच दिसलं.

तुमच्या कालव्यासारखंच उदाहरण म्हणजे कॉर्नवॉलमधला कॅमल ट्रेल. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली वाट, त्यामुळे चढ नाही, आणि सायकल, घोडे, पायी सगळे त्यावर. उन्हाळ्यात पॅडस्टोच्या बाजूला प्रचंड गर्दी होते आणि तिथे घोडे फारसे दिसत नाहीत, आतल्या बाजूला दिसतात. म्हणजे वाट एकच असली तरी तिच्या प्रत्येक भागाचा स्वभाव वेगळा. तुमच्याकडेही स्वारगेट आणि धायरी यांना एकच नियम लावू नका.

घोड्याजवळून जाताना इथे शिकवतात ते असं. मागून येत असाल तर लांबूनच हाक द्या. घंटीपेक्षा माणसाचा आवाज चांगला, घोड्याला तो ओळखीचा असतो. वेग चालण्याइतका आणा. स्वाराने हो म्हटल्यावर बाजूने भरपूर अंतर ठेवून जा आणि पुढे गेल्यावर एकदम जोर मारू नका. मोटारींसाठी २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमावलीत, आकडाच आहे: घोड्याजवळून ताशी १० मैलांहून जास्त वेग नको आणि किमान २ मीटर अंतर.

---

पहाटवारी

मी चालणारी आहे आणि या धाग्यात चालणाऱ्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतोय असं वाटलं, म्हणून लिहितेय.

कालव्याच्या कडेने आत्ताही शेकडो बायका पहाटे चालतात. मोकळी जागा दुसरी नाही म्हणून. आमची भीती सायकलची नाही, घोड्याचीही नाही. मोटारसायकलची आहे. वाट चांगली झाली की दुसऱ्या दिवशी स्कूटर सुरू होतील, सिंहगड रस्त्यावरची कोंडी चुकवायला. त्याचा बंदोबस्त काय? आणि एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला सोसायट्यांच्या उंच भिंती असा बोळ असेल तर मी एकटी तिथे जाणार नाही. दर काही अंतरावर बाहेर पडायला फाटा हवा.

---

रिकीब

पहाटवारी ताई, मोटारसायकल अडवायची एक पद्धत आहे जी घोड्यालाही चालते. वाटेत गुडघ्याच्या जरा खाली येईल इतक्या उंचीवर जाड लाकडी ओंडके आडवे, दोन-तीन, मधे थोडं अंतर ठेवून. घोडा पाय उचलून आरामात ओलांडतो, त्याला तशी सवयही लावता येते. सायकल उचलून नेता येते. स्कूटर जात नाही. लोखंडी फिरती दारं किंवा नागमोडी कठडे मात्र लावू नका, घोडा त्यात अडकला आणि घाबरला तर भयंकर प्रसंग होतो.

आणि कालव्यात पाणी असेतोवर घोडा नेहमी पाण्यापासून लांबच्या बाजूला. अस्तर केलेल्या काठांवरून आत पडलेलं जनावर स्वतःहून वर येऊ शकत नाही.

---

पहाटवारी

ओंडक्यांचं चांगलं आहे, पण मग व्हीलचेअर आणि बाबागाडीचं काय? माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर असतात. त्यांनी फक्त दुरून बघायचं का? निदान काही प्रवेश सपाट हवेत, जिथे माणूस उभा असेल.

---

गुरांचाडॉक्टर

मी पशुवैद्यक. धाग्यात अजून लिदेचा विषय कसा नाही निघाला याचं आश्चर्य वाटलं. निघणारच, तर आधीच सांगतो.

घोड्याची लीद म्हणजे बहुतांशी गवताचा चोथा. कुत्र्याच्या विष्ठेसारखी घाण ती नाही, उन्हात वाळते, पावसात विरघळते, बागेला खत म्हणून उत्तम. पण तिच्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. सायकलवरून पडून गुडघा फुटणारच कधीतरी, म्हणून या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस चालू ठेवावी, दर दहा वर्षांनी. एरवीही ठेवायलाच हवी. गर्दीच्या भागात लीद उचलायची जबाबदारी घोडेवाल्याची, आणि मोकळ्या भागात ती वाटेच्या कडेला ढकलली तरी पुरे, असा नियम ठेवा म्हणजे तो पाळला जाईल.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी. वाटेवर घोड्यांसाठी हौद बांधायची कल्पना येईल, कृपया बांधू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा घातक आजार सामाईक हौदातून पसरतो आणि माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. हौदाऐवजी नळ द्या, प्रत्येकाने आपली बादली आणावी. स्वस्तही पडेल.

---

साधामाणूस

वरती मी शंका घेतली होती. वरातीच्या घोडेवाल्यांचं आणि मोतद्दारांचं वाचून मत बदललं. पण मग त्यांना या चर्चेत आणा. इथे आपण सगळे मोबाईलवर मराठी टंकणारे लोक आहोत. जनता वसाहतीतला घोडेवाला हा धागा वाचणार नाही. २०१८ ला ज्यांची घरं वाहून गेली तेही नाही. कालव्याच्या कडेला राहणाऱ्यांना वाट म्हणजे आधी अतिक्रमण हटाव अशीच वाटणार. तुमच्या मसुद्यात कोणाचंही घर न हलवता वाट कशी जाईल ते स्पष्ट लिहा, नाहीतर माझी सही नाही.

---

कालवाकाठ

साधामाणूस, हे कलम घातलं. वस्तीच्या भागात वाट कालव्याच्या पलीकडच्या काठावर न्यायची, आणि पाणी बंद झाल्यावर कालव्याच्या कोरड्या पात्रातूनच न्यायची असा पर्याय लिहितोय. मातीवाला काका, पात्रातून न्यायची म्हटली तर पावसाचं पाणी कुठे जाईल?

---

मातीवाला

पात्रातून न्यायची तर अर्धंच पात्र भरायचं. उरलेलं अर्धं पावसाच्या पाण्याला मोकळं ठेवायचं, कारण डोंगराकडचं पाणी आत्ताही या कालव्यात येतं आणि ते अडवलं तर खालच्या वस्तीत घुसेल. आंबिल ओढ्याच्या बाजूला फार जपून. हे वाटेसाठीच नाही, रस्ता झाला तरी लागू आहे, आणि रस्तावाले ते करणार नाहीत. पुराच्या पाण्याला जागा ठेवणारा पर्याय म्हणून वाट मांडा, जलसंपदाचे लोक लगेच ऐकतील.

---

फुरसुंगीकर

आमचं शेत कालव्याला लागून आहे. हडपसरपुढे तुम्ही नकाशावर जी रेघ ओढताय तो आमचा वहिवाटीचा रस्ता आहे. ऊस निघाला की ट्रॅक्टर-ट्रॉली त्यावरून, बैलगाडी त्यावरून, आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटलं की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन आम्हीच त्यावर. तिथे ओंडके आडवे टाकलेत तर शेती बंद पडेल. आणि बोगदा फुरसुंगीला संपणार म्हणजे पुढचा कालवा चालूच राहणार, त्यामुळे तुमची मोकळी पट्टी तिथे नाहीच.

शहराच्या भागातलं पाणी बंद झालं की कालव्याच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरी आटतील, हेही कोणी बोलत नाही.

सायकलवाल्यांशी माझं वैर नाही. येतात, उसाचा रस पितात, बरं वाटतं. पण मसुद्यात आमच्या बाजूला हात लावू नका.

---

कालवाकाठ

फुरसुंगीकर दादा, बरोबर आहे. हडपसरपुढचा सगळा टप्पा मसुद्यातून काढतोय. विहिरींचा मुद्दा आपल्या वाटेच्या पलीकडचा असला तरी त्याच पत्रात वेगळा परिच्छेद करून मांडतो, पाझर लागतो कुठपर्यंत ते तुम्ही मला लिहून द्या.

आता उरलं ते असं. पहिला टप्पा खडकवासला ते वडगाव. इथे जागा आहे, रहदारी कमी आहे, म्हणून घोड्यांना मुरमाची वेगळी दोन मीटरची पट्टी, पाण्यापासून लांबच्या बाजूला, मधे झुडपांची ओळ. पाणी बंद होईपर्यंत भरावाला धक्का न लावता. वडगाव ते स्वारगेट घोडे नकोत, तिथे फक्त पायी आणि हळू सायकल, सपाट प्रवेश आणि फाटे पहाटवारी ताई सांगतील तिथे. एम्प्रेस गार्डन ते हडपसर हा भाग मोतद्दारांशी बोलल्याशिवाय लिहीत नाही. जुलै ते ऑक्टोबर शर्यतींचा हंगाम असतो, त्यात त्यांना वेळ मिळणार नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये भेटू. रिकीब, तुम्ही ओळख करून द्याल का?

वाट देण्याचा नियम टेम्सकाठींनी सांगितला तसाच: सायकल सगळ्यांसाठी थांबणार. त्यात माझी एक भर, चालणारा घोड्यासाठी बाजूला होणार. फलक मराठीत आणि चित्रासह. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक नको हे पहिलं कलम.

---

रिकीब

ओळख करून देते. पण भेट पहाटे पाचला ठेवा, सहानंतर ते घोड्यांवर असतात.